कोकणच्या भूशिरावरून समुद्रपक्षी कसे पाहावेत

पहिली दोन वर्षं मी डिसेंबरात जायचो. पक्षी बघायला सगळे थंडीतच बाहेर पडतात, म्हणून मीही. देवगडच्या किल्ल्यात दीपगृहाच्या पलीकडे जाऊन बसायचं, समोर तेल ओतल्यासारखा शांत समुद्र, आणि तीन तासांनी वहीत काय, तर बंदराकडे निघालेले कुरव आणि चार-दोन सुरय. ते तर धक्क्यावर चहा पितानाही दिसतात. मग एका जुलैत आजारी मामांना बघायला जाणं झालं. पाऊस तासभर उघडला, घरात बसवेना, म्हणून दुर्बीण घेऊन किल्ल्यात गेलो. वारा असा की टोपी हातात धरावी लागत होती. आणि त्या तासाभरात काळपट, लांब अरुंद पंखांची अकरा पाखरं एकामागून एक दक्षिणेकडे गेली. पंख जवळजवळ हलवतच नव्हती. एक पंख पाण्याला टेकवल्यासारखी तिरपी व्हायची, वर चढायची आणि पुन्हा लाटेमागे गडप. ती शिअरवॉटर होती हे रात्री पुस्तक उघडल्यावर कळलं.

तेव्हापासून समुद्रपक्ष्यांसाठी मी आधी वारा बघतो आणि मग कॅलेंडर.

नावांबद्दल आधीच सांगतो. कुरव म्हणजे गल आणि सुरय म्हणजे टर्न, हे शब्द मराठीत रुळलेले आहेत. शिअरवॉटर, पेट्रेल, स्कुआ, बूबी यांना मी इंग्रजी नावांनीच हाक मारतो. जमिनीवर बसून जगणाऱ्यांना ही पाखरं क्वचितच दिसली, मग त्यांना घरगुती नावं पडणार कुठून? ओढूनताणून नाव बनवण्यापेक्षा हे बरं.

ही पाखरं किनाऱ्याशी येतात का?

विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल हा बुलबुलापेक्षा थोडा लहान पक्षी अंटार्क्टिका आणि तिथल्या आसपासच्या बेटांवर घरटी करतो. फ्लेश-फुटेड शिअरवॉटर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या बाजूला पिल्लं वाढवतं. आपल्याकडे मे-जून लागला की तिकडे हिवाळा सुरू होतो, आणि ही मंडळी विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रात उतरतात. त्यांना इथे खेचतं ते नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी वर आणलेलं पाणी. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत हे वारे वरचं पाणी लोटून नेतात, त्याच्या जागी तळातलं थंड, खनिजांनी भरलेलं पाणी वर येतं, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजतं, प्लवकावर मासळी आणि मासळीवर पाखरं. पर्शियन शिअरवॉटर तर तिकडचंच रहिवासी, ओमानजवळच्या बेटांवर प्रजनन करणारं.

म्हणजे ऐन पावसाळ्यात, आपण छत्र्या सांभाळत असतो तेव्हा, अरबी समुद्र पाखरांनी भरलेला असतो. फक्त ती खोल समुद्रात असतात. जोराचा पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा वारा दोन-तीन दिवस लागून राहिला की ती हळूहळू किनाऱ्याकडे सरकतात आणि दोन भूशिरांमधल्या वळणात येऊन अडकतात. जमिनीवर त्यांना यायचं नसतं. मग वाऱ्याला तोंड देत ती बाहेर पडायला बघतात, आणि बाहेर पडताना भूशिराला वळसा घालावाच लागतो. घाटातल्या वळणावर एसटी कडेच्या दगडाला जवळजवळ घासून जाते, तशीच ही पाखरं भूशिराच्या टोकाला घासून जातात. आपण बसायचं ते त्या वळणाच्या दगडावर.

वर्षाचा हिशोब

एप्रिल-मे हा परतीचा काळ. स्कुआ उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्राकडे निघालेले असतात, सुरयांच्या काही जाती सरकत असतात, कुरव बहुतेक गेलेले असतात. वारा मंद, त्यामुळे पाखरं लांबून जातात. मेच्या अखेरीला एखादं चक्रीवादळ वर आलं तर मात्र सगळे अंदाज बाजूला पडतात.

जूनच्या पहिल्या सरींपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत खरा हंगाम. त्यातही माझी पसंती जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत. याला एक गंमतीदार जोड आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत समोर एक ट्रॉलर नसतो, त्यामुळे दिसलेलं प्रत्येक पाखरू वाऱ्यानेच आणलेलं असतं. १ ऑगस्टनंतर होड्या सुटल्या की त्यांच्यामागे फेकलेल्या मासळीसाठी सुरय आणि त्यांच्यामागे स्कुआ लागतात, आणि चित्र बदलतं. दोन्ही बघण्यासारखं, पण नोंद करताना दोन्ही एकात मिसळू नयेत.

सप्टेंबर-ऑक्टोबरात वारा पडत जातो. स्कुआ खाली उतरत असतात, ब्रायडल्ड सुरयांची पिल्लं आईबापांबरोबर समुद्रावर पसरलेली असतात. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर, ज्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, ब्रायडल्ड सुरय घरटी करतात. त्यामुळे दक्षिण कोकणात हा पक्षी पाहुणा नाही, शेजारी आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी कुरवांचा. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्रावर वाहतो, म्हणजे पाखरांना आणखीच लांब ढकलतो. हा काळ शिकण्यासाठी चांगला: समुद्र शांत, पाखरं ओळखीची, दुर्बीण हातात बसते. पण हीच समुद्रपक्ष्यांची मजा असं समजून बसलात तर माझ्यासारखी दोन वर्षं फुकट जातील.

जागा

भूशिर समुद्रात जितकं पुढे घुसलेलं तितकं चांगलं, एवढं सगळ्यांना कळतं. उंचीबद्दल मात्र गैरसमज फार. क्षितिज किती लांब हे काढायचं सोपं गणित आहे: डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, किलोमीटर मिळतात. चार मीटरवरून सुमारे ७ किलोमीटर, पंचवीस मीटरवरून जवळपास १८, शंभर मीटरवरून ३६ च्या आत-बाहेर. मग शंभर मीटरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, का बसू नये? कारण तिथून पाखरू खाली पाण्यावर काळ्या ठिपक्यासारखं दिसतं, आकाशाच्या पार्श्वभूमीवर कधी येतच नाही. आणि अठरा किलोमीटरवरचं पेट्रेल कोणाला दिसणार आहे? एक किलोमीटरच्या पुढे गेलं की त्याचा नाद सोडा. दहा ते पंचवीस मीटर उंची मला सर्वांत मानवते. लाटेच्या वर आलेलं पाखरू अधूनमधून क्षितिजरेषा ओलांडतं आणि त्याचा आकार स्वच्छ कळतो.

दुसरी गोष्ट आडोसा. पावसात उघड्या सड्यावर अर्धा तासही बसवत नाही. जुन्या तटबंदीचा कोपरा, बुरुजाची आतली बाजू, एखादा मोठा जांभ्याचा दगड, असं काहीतरी पाठीशी आणि बाजूला हवं. कोकणातले सागरी किल्ले या कामासाठीच बांधले असावेत असं वाटतं. देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरीचा रत्नदुर्ग, जयगड, या सगळ्यांपाशी बसायला काहीतरी सापडतं. गोव्यात आग्वाद आणि काबो द राम. हरिहरेश्वरला मंदिराच्या मागचा प्रदक्षिणेचा खडकाळ मार्ग दिसायला मोहक, पण पावसाळ्यात आणि उधाणाच्या दिवशी तिथे पाऊल टाकू नका. तिथल्या लाटांनी माणसं ओढून नेली आहेत.

तिसरी गोष्ट उजेड. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पाखरांवर स्वच्छ प्रकाश पडतो. दुपारी एकनंतर समोर पाणी चकाकायला लागतं आणि सगळी पाखरं काळी होतात. पावसाळ्यात ढग असले तर दिवसभर चालतं, पण सवय म्हणून मी उजाडताच बसतो आणि अकराला उठतो. मामांकडे गेलो तेव्हाची ती दुपार ढगाळ होती म्हणून निभावलं.

बसण्याआधी गावात कोणाला तरी सांगून ठेवा. किनाऱ्यावर तिपाईवर मोठी नळी लावून तासन्‌तास समुद्राकडे बघणारा माणूस संशयास्पदच दिसतो. ओळखपत्र खिशात असू द्या, सागरी पोलीस आले तर वही उघडून दाखवा. दोन वेळा मला विचारलं गेलं, आणि दुसऱ्या वेळी तो शिपाई पंधरा मिनिटं दुर्बिणीला डोळा लावून बसला. दीपगृहाच्या आवारात फोटोंचे नियम आणि आत जायच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या पाळा.

सामान

दुर्बीण आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरची भिंगं. पक्षी ओळखायला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची एका डोळ्याची दुर्बीण, असला तर उत्तम, नसला तरी सुरुवातीला अडत नाही. स्कोप असेल तर तो पंचवीस ते तीस पटीवर ठेवा. साठ पटीला वाऱ्यात चित्र थरथरतं आणि हवेतला खार दिसतो, पक्षी नाही. तिपाई दणकट हवी, पाय पूर्ण ताणू नका, बसल्या उंचीवर ठेवा आणि मधल्या हुकाला पाण्याची बाटली भरलेली पिशवी टांगा.

उन्हाळ्यात चालते ती फोल्डिंग खुर्ची वाऱ्यात उडते. मी जाड फोमचा चौकोनी तुकडा नेतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. पॅंट पावसाळी, वर रेनकोट, छत्री नको. वही साध्या कागदाची असेल तर पेन्सिल घ्या, पेन पावसात रडतं.

आणि भिंगं पुसण्याबद्दल, कारण इथे मी स्वतः नुकसान करून घेतलं आहे. वाऱ्याबरोबर येणाऱ्या तुषारांतला खार भिंगावर वाळतो. पांढरट धुकं दिसतं म्हणून आपण शर्टाच्या टोकाने पुसतो, आणि मिठाचे खडे भिंगावरचा लेप ओरबाडतात. आधी गोडं पाणी शिंपडा, खार विरघळू द्या, मग मऊ कापड टेकवा, घासू नका. घरी परत आल्यावर दुर्बीण ओल्या पिशवीत ठेवून विसरलात तर चार आठवड्यांत आत बुरशीची जाळी दिसेल. माझ्या पहिल्या दुर्बिणीचं उजवं अंग असंच गेलं. कोकणात कॅमेरेवाले कपाटात कमी वॅटचा बल्ब लावून ठेवतात, तो उपाय चांगला आहे. सिलिका जेलची पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात, हाही चांगला.

आदल्या संध्याकाळी

हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाचा. तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख, ज्याला घाबरतो तेच आपल्याला हवं असतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या लाटांच्या उंचीचा अंदाज देते, तोही बघा. वाऱ्याचा नकाशा दाखवणारं कुठलंही अ‍ॅप चालेल. मी तीन गोष्टी शोधतो: वारा नैऋत्य ते पश्चिम यांमधला आहे का, ताशी ३० ते ५० किलोमीटर आहे का, आणि निदान दोन दिवस तसाच राहिला आहे का. यातली तिसरी सर्वांत महत्त्वाची. आज पहाटे सुरू झालेला वारा आज सकाळी पाखरं आणत नाही, त्यांना सरकायला वेळ लागतो. ताशी ५० च्या पुढे तुषार आणि पाऊस यांच्या पडद्यामागे काही दिसत नाही, आणि सड्यावर उभं राहणंही बरं नाही. विजांचा अंदाज असेल तर जाऊच नका. सड्यावर सर्वांत उंच वस्तू तुम्ही आणि तुमची धातूची तिपाई.

एकदा मी देवगडला एका जुन्या तांडेलाला विचारलं होतं की उद्या काय होईल. त्याने आकाशाकडे बघितलंही नाही, नारळाच्या झावळ्यांकडे बघितलं. "वारो पश्चिमेचो धरलो हा, झिला. आता गावतली तुका पाखरां." दुसऱ्या दिवशी गावली. अ‍ॅपमध्ये तेव्हा नैऋत्य दाखवत होतं.

सरींचा हिशोबही ठेवा. मुसळधार सर समोरून येताना दिसते, समुद्रावर करडी भिंत सरकत असते. तिच्या पुढच्या काठाला आणि ती ओसरल्यावरच्या पहिल्या वीस मिनिटांत सर्वांत जास्त हालचाल असते. सर चालू असताना भिंगं झाका, चहा प्या. ओसरली की थर्मासचं झाकण लावायच्या आत डोळा स्कोपला.

बसल्यावर

पहिली दहा मिनिटं काहीच शोधू नका. समुद्र वाचा. लाटा कुठे फुटतात, क्षितिजावर धूसर पट्टा कुठे आहे, पाण्याचा रंग कुठे बदलतो. खाडीचं गढूळ लाल पाणी आणि बाहेरचं हिरवट पाणी यांच्या सीमेवर कचरा, लाकडं, शेवाळ जमतं आणि सुरय तिथेच घिरट्या घालतात. ब्रायडल्ड सुरय तर तरंगत्या ओंडक्यावर बसून जातात.

मग दुर्बीण क्षितिजावर धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. क्षितिजरेषा चौकटीच्या वरच्या एक तृतीयांश भागात ठेवा, म्हणजे पाणी जास्त दिसतं आणि वर उसळलेलं पाखरूही चुकत नाही. पूर्ण फेरीला एक मिनिट तरी लागू द्या. नवखे फार वेगाने फिरवतात. शिअरवॉटर लाटेमागे तीन-चार सेकंद दिसेनासं होतं, तुम्ही तेवढ्यात पुढे गेलात तर ते तुमच्यासाठी अस्तित्वातच नाही. दहा मिनिटांनी डोळे मिटा, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा सुरुवात.

दोघं-तिघं असाल तर दिशा सांगायची पद्धत आधी ठरवा. घड्याळाची पद्धत चालते: सरळ समोर बारा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. पण ऑगस्टपासून होड्या, जाळ्यांवरचे झेंडे असले की ते वापरा. "लाल ट्रॉलरच्या डावीकडे, दुसऱ्या लाटेच्या वर, डावीकडे चाललंय." शेवटचा शब्द दिशेचा हवाच, नाहीतर समोरचा माणूस जिथे पाखरू होतं तिथे शोधत बसतो. जुलैमध्ये होड्या नसतात, तेव्हा खडकांवर फुटणाऱ्या लाटांची रेघ आणि ढगांचे आकार, एवढ्यावरच भागवावं लागतं. ढग सरकतात, याची आठवण कोणीतरी ठेवा.

रंग नाही, ताल

किलोमीटरभर लांबून, ओल्या हवेत, हलत्या पाण्यावर रंग दिसत नाहीत. जे दिसतात ते फसवतात. उडण्याचा ताल दिसतो. बाजारात दुरून ओळखीचा माणूस चालीवरून कळतो, तोंडावरून नाही; तसंच.

शिअरवॉटर वाऱ्यावर चालतं. पाण्यालगत लाटांच्या घर्षणाने वारा मंदावलेला असतो, दहा-पंधरा मीटर वर तो जोराचा असतो. पाखरू वाऱ्याला तोंड देत वर चढतं, जोराच्या थरात वेग घेतं, वळतं, तिरपं होत खाली येतं, पुन्हा लाटेच्या आडोशाला. एवढ्या चक्रात पंख हलवायची गरज जवळजवळ नसते. म्हणून जोराच्या वाऱ्यात ती डौलात जातात आणि वारा पडला की त्यांना पंख मारत जावं लागतं. मोठी काळी दोन: फ्लेश-फुटेड आणि वेज-टेल्ड. पहिल्याची चोच फिकट गुलाबी आणि टोक काळं, शेपूट आखूड. दुसऱ्याची चोच काळपट, शेपूट लांब, पंख थोडे पुढे वाकलेले आणि उडणं हलकं, तरंगतं. अर्धा किलोमीटरच्या पुढे हे सांगता येत नाही, आणि सांगू नये. वहीत "काळं शिअरवॉटर" लिहा. पर्शियन शिअरवॉटर लहान, वर काळपट तपकिरी, खाली पांढरं. ते भराभर पंख मारतं, मग थोडं तरंगतं, पुन्हा भराभर. वळताना काळं-पांढरं-काळं असं लुकलुकतं.

विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ते पाकोळी समजून सोडून दिलं. ही चूक सगळे करतात, कारण वेंगुर्ल्याकडे पाकोळ्या खरोखरच समुद्रावर उडत असतात. फरक असा की पाकोळी लाटांच्या वरून जाते, पेट्रेल लाटांच्या खळग्यात उतरतं. काळं अंग, शेपटीच्या मुळाशी पांढराशुभ्र पट्टा, आणि खायला थांबलं की पंख वर धरून पायांनी पाण्यावर टपटप पावलं टाकत नाचतं. एकदा सर ओसरल्यावर एक खडकापासून साठ-सत्तर मीटरवर आलं. लाट उसळली की ते तिच्याबरोबर वर यायचं, पाय लोंबकळत, आणि लाट फुटायच्या क्षणाआधी बरोबर तिच्या माथ्यावरून मागे सरकायचं. चार मिनिटं. तेवढ्या वेळात स्कोप सोडून मी साध्या डोळ्यांनीच बघत राहिलो.

सुरय सारखे पंख मारतात, चोच खाली करून पाणी चाळतात. ब्रायडल्ड सुरय वरून करडा-तपकिरी, डोक्यावर काळी टोपी, आणि कपाळावरची पांढरी रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. वादळात येणारा सूटी सुरय वरून काळाकुट्ट, त्याचं कपाळावरचं पांढरं डोळ्यापाशी थांबतं. तुरेवाल्या सुरयांत मोठ्याची चोच फिकट पिवळी, लहानाची केशरी. कॅस्पियनची चोच गाजरासारखी लाल आणि जाडजूड, ती चुकवणं अवघड.

स्कुआ म्हणजे समुद्रावरचा खंडणीखोर. सुरयाच्या मागे लागून त्याने गिळलेला मासा ओकायला लावतो. सुरयांच्या थव्यात अचानक गोंधळ उडाला, एक सुरय वेडीवाकडी वळणं घेत पळू लागला, की त्याच्यामागे काळपट पाखरू शोधा. पंखाच्या टोकाकडे पांढरा चमकारा दिसला की स्कुआ पक्का. भरदार छातीचा, जड उडणारा पोमरिन. चिमटीत धरल्यासारखा सडपातळ, ससाण्यासारखा वळणारा आर्क्टिक.

मास्क्ड बूबी दोन्ही टोकांना निमुळती, चातीसारखी. पांढरी, पंखांच्या मागच्या कडा काळ्या, पंखविस्तार दीड मीटरच्या वर. अशी एक समोरून गेली की दिवस कारणी लागला.

घारी, कावळे आणि जूनच्या सुरुवातीला कधी समुद्रावरून आत येणारा चातक, यांच्यामुळेही पहिल्या पाच मिनिटांत छाती धडधडते. होऊ द्या.

मोजणी

अर्ध्या तासाचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात वाऱ्याची दिशा, दृश्यमानता, पाऊस. पक्ष्यांसमोर दोन रकाने: उत्तरेकडे, दक्षिणेकडे. पावसाळ्यात माझ्या वहीत दक्षिणेचा रकाना नेहमी भरतो, कारण पाखरं वाऱ्याला तोंड देतात. बसलेली, घिरट्या घालणारी पाखरं वेगळी लिहा.

सर्वांत मोठा धोका एकाच पाखराला अनेकदा मोजण्याचा. एका ऑगस्टमध्ये मी दीड तासात चाळीसच्या वर शिअरवॉटर मोजली. खूश होऊन उठणार, तेवढ्यात लक्षात आलं की प्रत्येक वेळी त्यांच्यात एकाच्या डाव्या पंखात पीस कमी आहे. सात पाखरं मासळीच्या झुंडीभोवती मोठं वर्तुळ घालत होती, लांबच्या बाजूने परत जाताना मला दिसत नव्हती. त्यानंतर पहिला अर्धा तास मी नोंद करतो पण बेरीज करत नाही, आधी बघतो की ती खरंच चालली आहेत की इथेच चरत आहेत.

नोंदी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर, टाका, एका जागी बसून केलेली नोंद म्हणून, वेळेसकट. न ओळखलेली पाखरं "शिअरवॉटर, जात अनिश्चित" अशीच घाला. तीन तास बसून काहीच दिसलं नाही तर तेही टाका. कोकणच्या समुद्राच्या पावसाळी नोंदी मुळातच विरळ आहेत, त्यात कोरी सकाळही उपयोगाची.

वादळानंतर

मे-जूनमधली वादळं, ३ जून २०२० चं निसर्ग किंवा मे २०२१ चं तौक्ते यांसारखी, समुद्रात लांबवर असलेली पाखरं किनाऱ्यावर आणून आपटतात. वादळ चालू असताना घरातच बसा. वारा उतरल्यावरच्या पहिल्या दोन दिवसांत, रस्ते मोकळे झाले असतील आणि गावात कोणाला मदत लागत नसेल तर, भूशिरावर जा. फ्रिगेटबर्ड, नॉडी, सूटी सुरय अशी एरवी स्वप्नातली पाखरं तेव्हा दिसू शकतात. परत येताना पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, या, कारण दमलेली पाखरं तिथे पडलेली असतात.

असं पाखरू दिसलं तर त्याला समुद्रात परत फेकू नका. लोक चांगल्या भावनेने हेच करतात आणि ते बुडतं. पेट्रेल, शिअरवॉटर यांचे पाय फार मागे असतात, त्यांना वाळूवर धड उभंही राहता येत नाही. ते जखमी असेलच असं नाही, दमलेलं असतं. कुत्रे आणि कावळे आधी हाकला. हातमोजे किंवा जाड टॉवेल घ्या, बूबीची चोच डोळ्यांकडे झेपावते, त्यामुळे मागून पंख अंगाशी दाबत उचला. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाला कोरडा कपडा टाकून, अंधारात आणि शांत ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, मासा कोंबू नका, मुलांना दाखवायला खोकं उघडू नका. वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि त्यांच्या ताब्यात द्या. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते घरी ठेवता येत नाही, चार दिवस सांभाळतो म्हणूनही नाही.

मेलेलं सापडलं तर फोटो तीन काढा: पंख उघडून वरून, पंख उघडून खालून, आणि चोचीचा बाजूने. प्रत्येकात शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवा, मोजमाप नंतर काढता येतं. पायाला धातूची किंवा रंगीत कडी असेल तर तिच्यावरचे आकडे दोनदा वाचून वहीत लिहा, फोटोत ते नेमके वाळूने भरलेले निघतात. मग हात साबणाने धुवा.